विलायती शिंदीची ओटी

पाटोदा, २ फरवर्दी १३२८ फसली (फेब्रुवारी १९१९)

कचेरीतून आलो. मुक्ताच्या विलायती शिंदीला थोडे पाणी घातले. जास्त घातले की बुंधा कुजतो, असे ती सांगे. मानमोडीच्या तापाच्या साथीत बायको गेली, तेव्हापासून हे काम माझे.

दिसते शिंदीसारखी, पण शिंदी नव्हे. पाने वर्षातून एकदाच फुटतात — सगळी एकदम. मग वर्षभर तशीच, कडक, हिरवीगार. टोके सुईसारखी. बकरीसुद्धा तोंड लावीत नाही. फळवाल्या हबीबने हैदराबादेहून रोप आणून दिले होते. इतक्या वर्षांत गुडघ्याएवढेही वाढले नाही. मुक्ता फळाची वाट पाही. ताई टोमणा मारी — "तुझ्यावानीच हाय बघ. नुसता पाला!" मुक्ता हसून आत जाई.

१९ फरवर्दी

ताईने माझ्यासाठी नांदूरघाटची मुलगी पाहिली. वर्षाच्या आत उरकायचे म्हणते. "वंशाला दिवा नको का?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

२६ उर्दीबिहिश्त

मुलीकडचे येऊन घर पाहून गेले. झाडाची तारीफ केली. ऊन फार.

११ खुर्दाद

झाडाच्या शेंड्यातून मक्याच्या कणसासारखे काही वर आले आहे — पण हातभर, पिवळसर! ताईला केवढा आनंद. "फळ धरलं! भावजय यायच्या आदीच शकुन झाला!" खण-नारळ आणून तिने झाडाची ओटी भरली. कुंकू लावताना पान टोचले, बोटातून रक्त आले, तरी हसत होती.

१२ खुर्दाद

हबीब खरबुजे घेऊन आला. ओटी पाहून हसतच सुटला. ताईला म्हणाला — "तुळजाबाई, नराची ओटी भरली व्हय! ह्यात नर येगळा, मादी येगळी. फळ मादीला येतंय. ह्यो नर हाय. जल्मभर पाणी घाला, ह्याला न्हाई येणार."

मीही हसलो. ताई हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

जेवताना तिने विचारले — "मुक्ताला बीडच्या हकिमानं काय सांगितलंतं रं?"

"तिच्यात काही दोष नाही म्हणाले."

"आन् तुला?"

"मी गेलोच नाही."

१५ खुर्दाद

ताई नांदूरघाटला जाऊन आली. सोयरीक तिनेच मोडली. म्हणाली — "त्या पोरीनं काहून बोलणी खायची?"

मग मुक्ताचे नाव घेऊन रडली. पहिल्यांदाच.