कुरुपाचं औषध

ताई (पाच मिनिटांनीच मोठी असलीस तरी),

कपाटातली ती बाटली शोधू नकोस, मी नेलीय. ते पायाच्या कुरुपाचं औषध आहे. बाटलीवर "कुरूप" लिहिलंय म्हणून तोंडाला फासायचं नसतं, बाई. कातडी भाजून निघेल. गालावर आहे ती चामखीळच ना, हे आधी डॉक्टरीणबाईंना बघू दे. त्या गार फवाऱ्याने गोठवतात, मग ती आपोआप गळून पडते. तोवर नखाने कुरतडू नकोस, पसरेल. आणि माझा टॉवेल घेऊ नकोस.

एवढी घाई कशासाठी, ते कळतंय मला. रविवारी चष्म्याच्या दुकानातला तो तुला भेटायला येणार आहे. आपण जुळ्या, तरी त्याची कधी गल्लत होत नाही. चामखिळीवरून ओळखत असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. काल दुकानात त्याच्याकडे माझी पाठ होती, तरी मागून म्हणाला, "आज ती नाही आली?"

बाटली कपाटातच राहू द्यावी, असं सकाळी क्षणभर मनात आलं होतं. म्हणून बरोबर नेलीय.

— धाकटी