मधल्या पेल्यातलं पाणी

३ नोव्हेंबर
चिखलीतलं घर अगदी मनासारखं मिळालं. निमिषला चाकणची कंपनी जवळ आणि सासूबाईंना फिरायला समोरच बाग. तिथे आज एक अनोळखी झाड पाहिलं. कमरेएवढं, करवतीसारखी पानं, मध्ये पेलाभर पाणी. सकाळच्या बायका त्याला घायपात म्हणतात. मी बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते, मला पटेना.

५ नोव्हेंबर
ओळख पटली. ब्रोमेलियाड, अननसाच्या कुळातलं. नेमकी जात मात्र कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. बायकांना सांगितलं, हे मुळांनी कमी आणि मधल्या पेल्यातून जास्त पितं. त्यांच्यातल्या जयमालाताईंना फार आनंद झाला. देवांच्या आंघोळीचं पाणी मोरीत ओतायचं नसतं, आणि फ्लॅटला अंगण कुठलं? उद्यापासून सगळ्याजणी तांब्या घेऊन येणार. आमच्या सासूबाई, आईसुद्धा.

१० नोव्हेंबर
रोज एवढं दूध-मध पडतं, तरी पेल्यापाशी ना मुंगी, ना माशी. आज काटे नीट पाहिले. सगळेच्या सगळे पेल्याकडे वळलेले. आत जाणाऱ्याला वाट आहे, बाहेर येणाऱ्याला नाही. म्हटलं, थोडे दिवस पाणी थांबवा. जयमालाताई हसल्या.
"तुम्हीच म्हणालात ना मॅडम, पितं म्हणून? मग आता तहानलेलं ठेवायचं?"

१४ नोव्हेंबर
जयमालाताई दिसत नाहीत. लेकीकडे निघोज्याला गेल्यात म्हणे. सांगताना कुणी माझ्याकडे बघत नाही. साऱ्यांच्या ओठांभोवती बारीक टोचल्याच्या खुणा. आईंच्याही. विचारलं, तर म्हणाल्या, तीर्थ घेतो. वाकून, तोंड लावून.

१६ नोव्हेंबर
आईंना बागेत जाऊ दिलं नाही. त्या रागावल्या नाहीत, याचीच भीती वाटते. नुसतं पाणी मागतात. फिल्टर रिकामा झाला. निमिष म्हणतो, तुला सगळ्यांचाच संशय येतो.

१७ नोव्हेंबर
आई गॅलरीत. मान मागे, तोंड उघडं. खाली बागेत त्या बायकाही तशाच, झाडाभोवती बसलेल्या—

डॉक्टरांना फोन केलाय. ते येईपर्यंत—

तोंडात पाणी काठोकाठ. गिळत नाहीत. चमच्याने काढायला वाकले. तळ दिसत नाही. दात— दात नव्हेत ते. सगळे आत वळलेले.

"घाल गं," म्हणाल्या. ओठ न हलवता.

हात माझ्या मानेवर ठेवलाय. मायेने. मला जवळ—