सासूबाई कॉम्प्युटरात अडकल्या त्याची हकिगत

सॉल्टपाँड,
रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय मेहुणे अकोन्ता फिफी यांस,
एको घार्टीचा मनापासून नमस्कार.

तुमची तब्येत, तुमच्या गुडघ्याची तब्येत आणि हॅम्बुर्गच्या ज्या कचेरीत तुमचे कागद अडकलेत तिथल्या बाईंची तब्येत, तिन्ही उत्तम असोत. (त्या बाईंसाठी आम्ही हल्ली चर्चमध्ये वेगळी प्रार्थना करतो. त्यांचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, पण देवाला कळत असेल.) इकडे सगळे उभे आहेत. बसल्यावर उठायला वेळ लागतो, त्यात देवाचा दोष नाही. हरमॅटनचा वारा सुटलाय, घरभर धूळ आहे, ओठ फुटलेत आणि केन्केबरोबर शितोची चटणी खाताना तिखट असं झोंबतं की डोळ्यांतून पाणी येतं. तुमची बहीण अराबा म्हणते, हा माणूस आईसाठी रडतोय. मी तिचा गैरसमज दूर करत नाही.

आधी मुख्य बातमी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. सासूबाई सुखरूप आहेत. त्या गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी म्हणतोय त्या माझ्या कॉम्प्युटरातल्या सासूबाई. त्या वाचल्या. हे पत्र मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय आणि अक्षर दाबल्याबरोबर उमटतंय, यावरून काय ते ओळखा. गेल्या रविवारी हेच पत्र लिहायला बसलो असतो तर तुमच्या नावातला 'फि' उमटेपर्यंत मी जेवून आलो असतो.

आता सुरुवातीपासून सांगतो. अंत्यविधीत जावयाने काय काय करायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. शवपेटीचा खर्च दुसऱ्या जावयाने उचलला, म्हणजे सिस्टा एकुआच्या नवऱ्याने. (टाकोराडीत त्याचं लाकडाचं दुकान आहे, त्यामुळे त्याचा मोठेपणा किती आणि दुकानातला शिल्लक माल किती हे मी विचारलं नाही.) मग मी भर बैठकीत उठून म्हणालो की श्रद्धांजलीची पुस्तिका माझ्याकडे. चरित्र, फोटो, नातवंडांची, चर्चची, मासळीबाजारातल्या बायकांची श्रद्धांजली, सगळं मी माझ्या मशीनवर बनवीन आणि केप कोस्टच्या छापखान्यात नेऊन देईन. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला उभं राहिल्यावर थोडक्यात बोलता येत नाही, तसा मी जरा जास्तच बोललो. पण तसं बोलायला कारण होतं. सासूबाईंचं चरित्र माझ्याकडे तयार होतं, आणि तेही त्यांनी स्वतः सांगितलेलं.

गेलं वर्षभर त्या आमच्याकडे असताना दुपारी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायच्या आणि सांगायच्या. माशांना धुरी द्यायची भट्टी कशी बांधली, तुमच्या वडिलांनी मागणी घातली तेव्हा कसं दोनदा परत पाठवलं, सगळं. मी टाइप करायचो. मध्येच म्हणायच्या, "वाच." मी वाचलं की म्हणायच्या, "हे मी असं बोलले नाही, हे तू मास्तरासारखं लिहिलंयस. खोड." मग मी खोडायचो. कागदावर एकही पान काढू दिलं नाही त्यांनी. जिवंत माणसाचं चरित्र छापणं म्हणजे मृत्यूला घराचा पत्ता देणं, असं त्यांचं मत. म्हणून ते सगळं त्या डब्यात होतं, आणि फक्त त्या डब्यात होतं.

आणि अशात, अकोन्ता, तुमचा फोन आला. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे दिवस भरले, आता तिच्यात चोर शिरतील, ताबडतोब अपग्रेड कर. तुम्ही जर्मनीत राहता म्हटल्यावर तुमचं ऐकणं भाग. बुधवारी सकाळी बटण दाबलं. पडद्यावर टक्के मोजायला सुरुवात झाली, आणि वीज जाऊ नये म्हणून अराबाने उपवास धरला. वीज गेली नाही. दुपारी मशीन नव्या रूपात उठलं, म्हणालं 'स्वागत आहे', आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बुधवारचा जन्म, म्हणून अराबाने त्याचं नाव क्वेकू ठेवलं. तिच्या मते बुधवारची मुलं चलाख असतात, पण एका हाकेत येत नाहीत.

कौतुकाच्या भरात तिने आणखी एक काम केलं. धूळ फार म्हणून क्वेकूच्या डब्याला छान खोळ शिवली. काळ्या-पांढऱ्या जाड कापडाची, खाली इलॅस्टिक, वर झालर, पुढे बटणापुरती खिडकी आणि मागे वायरी बाहेर यायला काज. मी म्हटलं, "चर्चला चाललाय की काय हा?" ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरा दिसतो." विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून क्वेकूने अंग टाकलं. फाइल उघडायला सांगावी, तर तो गोल गोल फिरणारं चक्र दाखवी. बाहेर जाऊन शेजाऱ्याशी भांडून यावं, तरी चक्र चालूच. एक ओळ टाइप करून हात मांडीवर ठेवावेत, मग अक्षरं एकेक करत यायची, अंत्यविधीच्या जेवणाला पाहुणे येतात तशी, उशिरा आणि घाई नसल्यासारखी. दुपारपर्यंत तर तो स्वतःहून बंदच पडायचा.

मग तुमचे फोनवरचे उपचार सुरू झाले. ते आठवून मला अजून घाम फुटतो. मागे काय काय चालू आहे त्याची यादी उघड म्हणालात. उघडली. त्यात इतकी अनोळखी नावं की आपल्या घराण्याची बैठकच! कोण कुणाचा, कशासाठी आलाय, कुणाला माहीत नाही, पण प्रत्येक जण खातोय. त्यातला एक फारच खात होता, त्याला मी हाकलला, तर पडदाच काळा झाला. (तो घरमालक निघाला.) पुन्हा चालू केल्यावर तुम्ही म्हणालात, सुरुवातीला उठणारे कार्यक्रम बंद कर. केले, तर आवाज गेला. जुने फोटो पुसून जागा कर म्हणालात. मी आमच्या गायनमंडळाचे फोटो पुसले, आणि त्या मंडळाचा प्रमुख अजून माझ्याशी बोलत नाही. नवे ड्रायव्हर घाल म्हणालात, तेव्हा अराबाने मला विचारलं, "जुन्या ड्रायव्हरला काय झालं?"

आपले पाळक ओसोफो बोन्झी येऊन प्रार्थना करून गेले. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि पटकन काढला. म्हणाले, "याच्यात आग आहे." आम्ही सगळे 'आमेन' म्हणालो. आता मागे वळून पाहता त्यांचं निदान तंतोतंत होतं, पण पाळक बोलले की माणूस अर्थ वरच्या मजल्यावर शोधतो.

शेवटी ट्रोट्रो गाड्यांच्या थांब्याजवळच्या सेलासीला बोलावलं. त्याच्या पाटीवर 'इंजिनियर' आहे आणि तो मोबाइलपासून इस्त्रीपर्यंत काहीही उघडतो. आल्या आल्या त्याने खोळीवरून हात फिरवला आणि शिवण फार सुबक आहे म्हणाला. (अराबाने त्याला लगेच जेवायला वाढलं.) मग खिडकीतून बटण दाबलं, चक्राकडे डॉक्टरासारखी मान हलवली आणि म्हणाला, "अंकल, नवी सिस्टिम याला झेपत नाही. फॉरमॅट मारू. पाटी कोरी. मुलासारखा पळेल."

मी म्हटलं, "आणि आतल्या सासूबाई?"

"त्यांना आधी पेनड्राइव्हवर घेऊ."

पेनड्राइव्ह लावला. सासूबाई निघाल्या, थोड्या सरकल्या, आणि क्वेकू पुन्हा बंद. दोनदा, तीनदा तेच. डिस्क काढून दुकानात नेतो म्हणाला, तर अराबा दारात आडवी झाली. म्हणाली, "आईला एकदा गाडीत घालून नेलं, ती परत आली नाही. हिला नाही नेऊ देणार." सेलासी बिचाऱ्याने हत्यारं पिशवीत भरली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, हा जायला आलाय. सोमवारी मी दुसरी डिस्क घेऊन येतो. जे निघेल ते काढू, बाकीचं सोडून द्यायचं."

अकोन्ता, बाकीचं म्हणजे काय, ते त्याला कसं सांगायचं? मी ओट्यावर जाऊन बसलो. छापखान्याचा माणूस रोज फोन करत होता. चरित्र मला पुन्हा लिहिता आलं असतं. जन्म, लग्न, मुलं, चर्चमधली पदं, सगळं मला पाठ आहे. पण ते मास्तरासारखं झालं असतं. 'हे मी असं बोलले नाही' म्हणायला त्या आता स्टुलावर नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. इतकं की मी अराबालाही सांगितलं नाही.

सोमवारी सेलासी यायच्या आधी सिस्टा एकुआ आली. टाकोराडीहून सकाळच्या गाडीने, दोन पिशव्या आणि एक कोंबडा घेऊन. आत येऊन पाणी प्यायली, रिवाजाप्रमाणे प्रवासाची हकिगत सांगायला तोंड उघडलं, आणि तिची नजर क्वेकूवर गेली.

तुमची थोरली बहीण ओरडली की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगू! ते काळं-पांढरं कापड तिने स्वतः निवडलेलं, घराण्यातल्या सगळ्यांसाठी आणलेलं, येत्या शनिवारी अंत्यविधीला एकदमच नेसायचं म्हणून सगळ्यांनी पेट्यांत ठेवलेलं. अराबाने आपल्या वाट्यातला उरलेला तुकडा वापरला होता.

"आईच्या आधी याला नेसवलंस? आई अजून तिकडे शवागारात एकटी, आणि हा डबा इथे मुख्य शोककर्ता होऊन बसलाय?"

"सिस्टा, उरलेलं होतं गं, वाया जात होतं..."

"मग माझ्या डोक्याला बांधायला कमी का पडलं?"

आणि बोलता बोलता तिने खोळ धरून अशी ओढली की इलॅस्टिक तुटून कोंबड्याला लागलं. डब्याला हात लागताच ती किंचाळली. भट्टीवरच्या पत्र्यासारखा तापला होता तो. मागच्या जाळीवर, पंख्याच्या तोंडाशी, खोळीचा तेवढाच भाग गरम हवेने पिवळा पडलेला. मग दोघी बहिणींचं भांडण सुरू झालं, ते लहानपणीच्या एका बाहुलीपर्यंत मागे गेलं, तिथून रडण्यावर आलं आणि मग एकमेकींच्या गळ्यात पडून संपलं. तेवढ्या वेळात क्वेकू उघड्या अंगाने गार झाला.

मी सहज बटण दाबलं. फाइल उघडली. चक्र फिरलंच नाही, आणि माझा बोटांवर विश्वास बसेना. मी खाली खाली जात राहिलो आणि सासूबाई पानामागून पान येत राहिल्या. दोघी बहिणी मागे येऊन उभ्या राहिल्या. एकुआ म्हणाली, "वाच." अगदी तसंच म्हणाली. मी वाचायला गेलो आणि मला वाचता येईना. शितो खाल्लं नव्हतं, तरी.

सेलासी आला तेव्हा सासूबाई तीन पेनड्राइव्हवर होत्या: एक अराबाच्या पेटीत, एक ओसोफोंकडे, एक सिस्टा एकुआने गळ्यात बांधलाय. सेलासी म्हणाला, "मी सांगितलंच होतं, प्रश्न हवेचा आहे." कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला कोंबड्याचा रस्सा वाढला. मला त्या दिवशी कुणाशीच वाद घालायचा नव्हता.

तेव्हा काळजी नसावी. घरच्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा नम्र,
एको घार्टी

ता. क. १. तुमच्या अपग्रेडमुळे सगळं बिघडलं असं मी बाजारात, चर्चमध्ये आणि न्हाव्याकडे सांगितलं होतं. ते मी मागे घेत आहे. चर्चमध्ये तुम्हाला सुबुद्धी मिळावी म्हणून झालेली प्रार्थना मात्र परत घेता येत नाही, असं ओसोफो म्हणतात.

ता. क. २. खोळ उसवून सिस्टा एकुआने डोक्याला बांधायचं केलं. पिवळा डाग आत दुमडून जातो.

ता. क. ३. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. अकोन्ता, सगळ्यांच्या श्रद्धांजल्या आल्या, तुमची आलेली नाही. या दिवसांत आपण फोनवर किती बोललो, पण मेमरी, ड्रायव्हर आणि टक्के सोडून एक शब्द आईबद्दल नाही. तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. मशीनबद्दल बोलणं दोघांनाही सोपं होतं. कागदांमुळे तुम्हाला येता येणार नाही, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणीही तुम्हाला नावं ठेवत नाही. ओसोफो म्हणतात, मुलांची एकत्र श्रद्धांजली आहे, तेवढी पुरे. पण चरित्राच्या शेवटी सासूबाईंनी मला लिहायला लावलं होतं: 'इथे फिफीसाठी एक पान मोकळं सोड. त्याला सुरुवात करायला वेळ लागतो, लहानपणापासून. त्याला घाई करू नकोस.' म्हणून मी इतके दिवस केली नाही. चार ओळी उलट ईमेलने पाठवा, चर्चमध्ये मी वाचीन. मास्तरासारखं वाचणार नाही. छपाई गुरुवारी आहे. तोवर काही आलं नाही, तर वर तुमचं नाव घालून ते पान कोरंच छापणार आहे.