गियरची केबल आणि आबांचा नियम

आबा, गियरची केबल मी घरी, ओट्याशेजारी सायकल उलटी टाकून, माझ्या हातांनी ताणली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नेहमीसारखे अर्ध्यातच उठून जाल.

महाडच्या बाजारातलं तुमचं सायकल दुरुस्तीचं दुकान मला आठवतं ते एका दिवसामुळे. मी तेरा वर्षांची. तुम्ही ब्रेकची तार पकडीने ओढून धरलीय, दुसऱ्या हाताने नट पिळताय, आणि तिसरा हात नाही म्हणून कपाळाला आठ्या. मी पाना उचलून पुढे होते. "ठेव तो गो! हात काळे केलेस तर लग्नात दाखवायचे काय?" मग तार बोटाने छेडून तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, "टणकन वाजली पायजे. नाय वाजली तर माणूस सावित्री नदीत." मी पाना ठेवला. पुढे पेन उचललं आणि वर्तमानपत्रातून लोकांना टोचून पोट भरलं. हात त्यानेही काळेच झाले, पण त्याबद्दल तुमची कधी तक्रार नव्हती.

आता पन्नाशीला गियरची सायकल घेतलीय. पोलादपूरहून घाट चढायचा, एकदाही खाली न उतरता, एवढीच हौस. पण केबल सैल पडली आणि साखळी चढाच्या मोठ्या चकतीवर जाईना. गियरचा चांगला मिस्त्री गाठायचा तर पुणं. आणि खरं सांगू? त्या पान्याची खाज इतकी वर्षं माझ्या तळहाताला होतीच.

बाजारात अवजारं बघायला गेले, तर दुकानदार म्हणतो, "वहिनी, मिस्टरांना फोन लावून द्या, साइज त्यांना विचारतो." म्हटलं, "विचारा की. लगे हात पाना आणि पळी यांतला फरकही सांगून टाका त्यांना." पाच नंबरची ॲलन की घेतली, केबल कापायची कात्री घेतली. वर ऑनलाइन मागवला केबल ओढून धरून ठेवणारा चिमटा, म्हणजे तुम्हाला जन्मभर न मिळालेला तिसरा हात.

तरी पहिल्यांदा मान म्हणून तुमचीच पकड लावली. केबल चेपली, तारा सुटून तिचा केरसुणीसारखा फुलोरा झाला. नवी केबल आणून चिमटा लावला आणि ती टणकन वाजेपर्यंत ओढली. काय तो सूर! फक्त साखळी आता छोट्या चकतीवर उतरेना. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी मधेच ठाण मांडून बसली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी डोक्यात उजेड पडला: टणकन वाजायचा नियम ब्रेकचा! गियरला तो लावायचाच नसतो. साखळी सगळ्यात छोट्या चकतीवर ठेवायची, केबल नुसत्या बोटांनी ओढायची, झोल जाईल इतकीच, आणि ॲलन कीने बोल्ट आवळायचा. उरलेला ताण केबलच्या टोकाची गोल टोपी पाव-पाव फेरा फिरवून. चिमटा खुंटीला टांगला. साखळी टकटक करत एकेक चकती चढली, तशीच उतरली. आबा, तुमचा नियम चुकला, आणि तो चुकलाय हे मला कळलं! मी ओट्यावर लाटणं आपटून स्वतःलाच शाबासकी दिली. हात कोपरापर्यंत काळे.

पुढच्याच रविवारी पोलादपूर सोडलं. घाटात एसटीच्या खिडकीतून एकजण ओरडला, "मावशी, दम खावा जरा!" मी म्हटलं, "तुझ्या गाडीला सांग, धाप तिला लागलीय!" पाय टेकले ते एकदम माथ्यावर.

तिथे चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने चाक उचलून पेडल फिरवून पाहिलं. "गियर बेस लागलेत. कुणाकडनं केले?"

"मीच."

"आणि शिकलात कुणाकडं?"

लोकांच्या थापा पेनाने पकडून जगणारी मी. पण पापणीही न हलवता म्हणाले, "वडलांकडं. महाडला दुकान हुतं आमचं."

"तरीच!" म्हातारा म्हणाला.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. ते "तरीच" ऐकून मला घाट चढल्यापेक्षा जास्त बरं वाटलं, आणि हे तुम्हाला कळलेलं मला मुळीच चालणार नाही.