एका माणसाचा डबा

४ जानेवारी २०२६, रविवार

हेमानं आज चारचौघांत लाज काढली!

बेंगळुरूबाहेर आनेकलला गेलो होतो, ते ज्येष्ठांसाठी बांधलेलं संकुल बघायला. जागा बरी आहे. मी इन्स्पेक्शनचा माणूस, सगळी नोकरी दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात गेली. त्यामुळे नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या, ओल कुठे येईल तेही सांगून टाकलं. भव्या नावाची मॅनेजर मुलगी कौतुकानं ऐकत होती. आणि आमच्या हेमलताबाई मागून तिला फाडफाड कन्नडमध्ये विचारतात काय — इथे न्हावी येतो का?

भव्या माझ्या टकलाकडे बघून गोंधळली. येतो म्हणाली, रविवारी.

मग पुढचा प्रश्न. "मेसमधून एका माणसाचा डबा मिळतो का? की दोघांचाच घ्यावा लागतो?"

मी म्हटलं, अगं, आपण दोघं आहोत! तर म्हणाली, "असू दे हो. विचारून ठेवलं."

येताना इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा मी पुण्याचा विषय काढला. रिटायर झालो की पुणं, हे मी बेंगळुरूला आलो त्या वर्षापासून म्हणतोय. त्यापायी इथे घर घेतलं नाही, कारखान्याच्या क्वार्टरमध्येच राहिलो. कन्नड शिकलो नाही. अंगणात एक झाड लावलं नाही, सगळं कुंड्यांत! म्हटलं, आनेकल वगैरे ठीक आहे, पण शेवटी पुणंच. ती नेहमीसारखं म्हणाली, "सरी."

या कन्नड "सरी"चा मला मनस्वी राग येतो. मराठी बाईनं साधं "बरं" म्हणावं! पण नाही. बदलीचा प्रश्न असो की भाजीचा, माझं बोलून झालं की हिचं "सरी".

७ जानेवारी

फेब्रुवारीअखेर रिटायर. मग क्वार्टर खाली करायचं. आणि कुठे जायचं ते अजून ठरत नाही! ऑफिसात सगळे विचारतात, "सर, आगे का क्या प्लॅन?" मी ऐटीत सांगतो, पुणे. घरी आलो की ती ऐट उतरते. पुण्यात आता आहे कोण? दादा मुलाकडे अमेरिकेत. मित्र अर्धे गेले, अर्धे गुडघ्यांनी घरात बसलेत.

हेमा हे सगळं शांतपणे बोलून दाखवते. "पुण्यात तुम्ही बाथरूममध्ये पडलात तर उचलणार कोण?"

म्हटलं, तू!

ती पालेभाजी निवडत राहिली.

१० जानेवारी, शनिवार

अर्णवकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत जेवायला. पोरगा चांगला आहे. म्हणाला, "बाबा, जवळपासच राहा ना दोघंही. पाहिजे तर माझ्याकडे राहा." त्याच्याकडे एक जादा खोली आहे, तीत त्याची व्यायामाची सायकल आणि दोन मॉनिटर. आम्हांला कुठे ठेवणार, सायकलवर?

हेमा म्हणाली, "बाबांना टीव्ही मोठ्यानं लागतो. तुझ्या कॉलमध्ये व्यत्यय येईल. त्यांना त्यांची स्वतंत्र जागा पाहिजे."

"आणि तुला?"

"माझं राहू दे रे."

हे "माझं राहू दे" मला का कोण जाणे, घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

१४ जानेवारी, संक्रांत

सणासुदीच्या दिवशी मला वरण-भात लावायला उभं केलं! समोरच्या क्वार्टरमधून एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इथल्या तिळगुळाची, ताटली आली. बाई आत डोकावल्या, तर मी कमरेला टॉवेल खोचून डाळ धुतोय. हेमा गुळपोळ्या लाटत ओट्यापाशी उभी, पण डाळीला हात लावेल तर शपथ. "पाणी बोटाच्या पेरापर्यंत. हळद विसरू नका. शिट्टी झाली की गॅस कुणी बंद करायचा? तुम्ही."

दुपारी वॉशिंग मशिनचा पाठ. अख्खा कारखाना ज्याच्या सहीशिवाय हलत नाही, त्याला घरातल्या मशिनचं बटण माहीत नाही, हे मला आज कळलं. विचारलं, हे अचानक काय काढलंस?

"सगळं यावं माणसाला," म्हणाली. "वेळ काय सांगून येते?"

वरण पातळ झालं होतं. तिनं दोनदा वाढून घेतलं.

१९ जानेवारी

भाजीवालीशी कन्नडमध्ये बोलायची सक्ती. "स्वल्प कम्मी माडी," म्हणायचं, म्हणजे भाव थोडा कमी कर. मी म्हटलं. भाजीवाली एवढी हसली की शेजारची फुलंवालीही हसायला लागली. कोथिंबीर मात्र फुकट मिळाली. हेमा मुद्दाम लांब उभी होती. मी मागे वळून पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. ऊन होतं म्हणाली.

बारा महिने ऊन असतं. आजच डोळ्यांत गेलं?

२३ जानेवारी, शुक्रवार

लिहून काढलं तर बरं वाटेल म्हणून बसलो.

हल्ली हेमा सारखी कोरमंगलाला जाते, भाग्यलक्ष्मीकडे. भाग्यलक्ष्मी पूर्वी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये होती. नवरा गेल्यावर स्वतःच्या घरी राहायला गेली. दोघींचं सख्य आहेच, पण आठवड्यातून तीन-तीनदा? सकाळी जायचं, संध्याकाळी गळून यायचं. आज आली ती न जेवता आडवी झाली. अंगावर पांघरूण घालायला गेलो आणि तिचं मनगट दिसलं. मनगटावर चिकटपट्टी काढल्यावर राहतो तसा लांबट, पांढुरका माग.

सलाइनची सुई टोचून वर लावतात, ती पट्टी! आईच्या हातावर शेवटी शेवटी असे माग असायचे.

आणि मग एकदम सगळं जुळलं. न्हावी. एका माणसाचा डबा. वरण-भात. मशिन. भाजी. पडलात तर उचलणार कोण. माझं राहू दे. ती दोघांसाठी जागा बघतच नाहीये. माझ्यासाठी बघतेय. माझ्या एकट्यासाठी. तिला काहीतरी झालंय, तिला ते ठाऊक आहे, आणि आपल्यामागे या माणसाचं कसं होणार याची ती तजवीज करतेय.

आयुष्यभर चुका शोधल्या. घरातली एवढी मोठी गोष्ट दिसली नाही!

२४ जानेवारी

विचारणार होतो. धीर झाला नाही. कांदेपोहे चांगले झालेत एवढंच म्हणालो.

२६ जानेवारी

कॉलनीत झेंडावंदन. ती चहाच्या व्यवस्थेत होती, तेवढ्यात मी घरी येऊन तिचं कपाट उघडलं. चोरासारखा! रिपोर्ट नाहीत, औषधं नाहीत. नुसत्या साड्या. साड्या कमी वाटल्या. वाटून टाकतेय का? पण आधी किती होत्या, तेच मला माहीत नाही.

३० जानेवारी

बारीक झालीय का? गेल्या वर्षी कशी दिसत होती ते आठवायला बसलो. येईना. तिचा आवाज आठवतो, बांगड्या आठवतात, स्वयंपाकघरातली पाठ आठवते. चेहरा समोर आणायचा तर लग्नाच्या फोटोतलाच येतो. भीती वाटते मला. फार भीती वाटते. तिच्यावाचून मी काय करू? कुणाला सांगू की आज ऑफिसात असं असं झालं? आणि ऑफिसही नसेल तेव्हा?

फोनवर भाग्यलक्ष्मीशी बोलताना मात्र खळखळून हसत होती. मी आलो तशी थांबली.

५ फेब्रुवारी, संकष्टी

आज मी देवळात गेलो. आत.

एरवी कॉलनीतल्या गणपतीला हेमा जाते आणि मी बाहेर उभा राहून तिच्या चपला राखतो. चपला काही कुणी नेत नाही. पण देवाधर्मातलं आपल्याला काही जमत नाही, हे दाखवायला ते काम बरं पडतं. आज ती कोरमंगलाला गेली होती. मी एकटा गेलो, चपला काढल्या. पुजारी बघतच राहिले. "बन्नी सार, बन्नी," म्हणाले. या म्हणाले, पण चेहऱ्यावर स्पष्ट होतं की यांच्या घरी काहीतरी घडलंय.

हात जोडले आणि काय बोलायचं कळेना. नवस बोलायचा तर काहीतरी सोडावं लागतं म्हणतात. दारू-सिगारेट कधी शिवलो नाही. गोड डॉक्टरनं आधीच सोडायला लावलंय. माझ्याकडे सोडण्यासारखं आहे काय? विचार करता करता सापडलं. माझा हेका! म्हटलं, देवा, हिला काही झालेलं नसू दे. मग ती म्हणेल तसं राहीन. पुणं सोडलं. ती म्हणेल ते ऐकेन आणि त्यावर एकदाही "पण" म्हणणार नाही. इन्स्पेक्शनच्या माणसाची बोली आहे, फिरवणार नाही.

बाहेर आलो. चपला जागेवर होत्या.

६ फेब्रुवारी

तिला म्हटलं, पुणं रद्द. तू म्हणशील तिथे जाऊ.

ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. "खरंच?"

"खरंच."

"मग आनेकल," म्हणाली. लगेच! ठरवूनच ठेवलेलं. "डॉक्टर आवारात आहेत. जेवणाची सोय आहे. कॅरमला माणसं आहेत. तुम्हांला करमेल तिथे."

मान हलवली.

८ फेब्रुवारी, रविवार

आनेकलची जागा नक्की करून आलो. पहिल्या मजल्यावरची, सकाळचं ऊन येणारी. मी एकही नळ सोडून पाहिला नाही. हेमानं मात्र शेगडी बघितली, गिझर बघितला, तो आपोआप बंद होतो ना हे दोनदा विचारलं. मी तो बंद करायला विसरतो.

निघताना भव्या म्हणाली, दारावर पाटी करायची आहे, काय नावं घालू?

हेमा म्हणाली, "उपेंद्र. एवढंच पुरे." माझं एकट्याचं नाव!

मी गाडीकडे चालायला लागलो. कुंपणापलीकडे कुणाचं तरी नाचणीचं रान होतं, कापणी होऊन गेलेलं. तिकडे तोंड करून उभा राहिलो. मागून ती आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "होईल हो सवय." मला वाटलं, इथेच खाली बसावं.

आता विचारलंच पाहिजे. असं नाटक करत किती दिवस काढायचे? तिनं एकटीनं किती सोसायचं?

१२ फेब्रुवारी

विचारलं.

कुकर लावला होता, मीच. दोघं ओट्यापाशी उभे होतो. म्हटलं, "हेमा, मला सगळं कळलंय. आता लपवू नकोस."

ती पांढरीफटक पडली. "भाग्यलक्ष्मीनं सांगितलं?"

"तुझं मनगट बघितलं मी. डॉक्टर काय म्हणतात?"

"कुठले डॉक्टर?"

मग माझा बांध फुटला. पट्टीचा माग, साड्या, डबा, पाटी, सगळं बोलून टाकलं. ती आ वासून ऐकत होती. एकदम हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "अहो, भिंत रंगवताना कडेला चिकटपट्टी लावतात ना, ती होती! हातावर येऊन बसली, मग रंगासकट ओढून काढली. काही झालेलं नाही मला. ठणठणीत आहे मी!"

ठणठणीत! ओट्याला धरून मी लहान पोरासारखा रडलो. गणपतीला तिथूनच हात जोडले. कुठली भिंत, कसला रंग, हे विचारायचं फार उशिरा सुचलं.

"भाग्यलक्ष्मीच्या गच्चीवरची खोली," ती म्हणाली. "मी घेतलीय. साड्याही तिथेच आहेत. तुमचा निरोपसमारंभ झाला की सांगणार होते. आनेकलला मी येणार नाही हो. भांडण नाही, राग नाही. एका रविवारी तुम्ही या, एका रविवारी मी येईन. पण मला एकदा एकटीनं राहायचंय. आधी बाबांचं घर, मग तुमचं. तुम्ही रिटायर होताय. मी कधी व्हायचं?"

लोक काय म्हणतील. अर्णवला काय सांगायचं. या वयात मी एकटा. सगळं ओठांवर आलं आणि प्रत्येकाच्या आधी "पण" होतं.

शिट्टी झाली. ती जागची हलली नाही. मीच गॅस बंद केला.

"सरी," म्हणालो.