निदान काय?

अण्णा,

एका शब्दापायी तुम्ही मला जन्मभर छळलंत. रागावू नका, पण आहे ते आहे. परवा त्या शब्दाचं कोडं सुटलं आणि मी म्हातारा माणूस फोन हातात धरून स्वयंपाकघरात एकटाच हसत उभा राहिलो. सूनबाई धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. तिला काय सांगू? हे लोक बंगळूरला सर्जापूर रोडवर अकराव्या मजल्यावर राहतात, खाली बघितलं तरी माझे डोळे फिरतात. त्यांना फटफटी, जटका आणि कोळशाचं इंजिन कुठून समजावून सांगायचं? जे सांगायचं ते तुम्हालाच, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली की वयाने आता मीच तुमच्यापेक्षा थोरला आहे.

शब्द तुम्हाला आठवत असेल. बंगळूरच्या स्टेशनावर तुमची गाडी हलली, तुम्ही खिडकीतून वाकलात आणि म्हणालात, "निदान..." पुढचं इंजिनाने खाल्लं. अर्धं वाक्य. आणि तेही तुमचं! कऱ्हाडच्या शाळेत अर्धं वाक्य बोलणाऱ्या पोराला तुम्ही बाकावर उभं करायचात. द आणि ध एकसारखा म्हणणाऱ्याला तोंडासमोर तळहात धरायला लावायचात आणि ध म्हणताना हाताला वारा लागेपर्यंत सोडायचा नाहीत. घरी मी "आई, भूक" म्हटलं तर "भूक काय? उडाली, मेली, की लागली?" असं विचारून माझी भूकच घालवायचात. असा मास्तर, असा बाप मला "निदान" एवढंच म्हणून निघून गेला, आणि त्याच पावसाळ्यात कायमचाच गेला. निदान काय, अण्णा? निदान आईचा तरी विचार कर? निदान दिवाळीला तरी ये? निदान हे फटफटीचं भूत तरी विकून टाक? मी हे वाक्य इतक्या तऱ्हांनी पुरं केलंय की विचारू नका. एकही तऱ्हा माझ्या बाजूची नव्हती.

सुरुवातीपासून सांगतो, कारण मी तेव्हा इथे कसा राहत होतो हे मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. पत्रात "इकडे सर्व क्षेम" लिहायचो आणि खोटं लिहायचो. पहिलं वर्ष मी नुसता चिडलेला होतो. भाषा येईना. दूधवाला काय म्हणतो कळेना, न्हाव्याला केस बारीक नको म्हणून सांगता येईना, खानावळीत पोळी मागितली की भाताचा आणखी एक डोंगर पानात येई. आणि हाका! तुम्हाला आम्ही भावंडं अण्णा म्हणायचो. इथे दूधवाला अण्णा, बस कंडक्टर अण्णा, रॉकेलच्या रांगेत पुढे घुसणाराही अण्णाच. कुणी मागून "अण्णा" म्हटलं की माझा हात आपोआप शर्टाची बटणं लावायला जायचा. आठवण यायची आणि तिचाच राग यायचा. तालुक्याच्या गावाहून आलेल्या पोराला ते परदेशच वाटत होतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

कारखाना येलहंक्याकडे आणि माझी खोली शिवाजीनगरात. बस यायची तेव्हा यायची. म्हणून शिवाजीनगरातल्या एका वर्कशॉपातून मी लष्कराच्या लिलावात निघालेली फटफटी घेतली. हिरवा रंग खरवडला की खाली आणखी हिरवा रंग. थंडीत किक मारून मारून पोटरी सुजायची. पावसात ठिणगी देणारा मॅग्नेटो भिजला की गाडी बंद, मग रस्त्याच्या कडेला उभं राहून नशिबाला शिव्या द्यायच्या. आणि रस्ते तर माहीतच नव्हते. पहिल्याच रविवारी चुकलो, एकाला खुणेने वाट विचारली. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट केलं आणि म्हणाला, "अल्ली केळी." दुकानात केळ्यांचे घड टांगलेले. मला वाटलं, आधी गिऱ्हाईक व्हायचं, मग वाट मिळते, असा इथला रिवाज असेल. अर्धा डझन घेतली. पुढच्या चौकात आणखी एकाने तेच सांगितलं, तिथे पुन्हा घेतली. घरी पोचलो तेव्हा हँडलला बाजार लटकत होता. कानडीत अल्ली केळी म्हणजे तिथे विचारा, हे मला घरमालकीण अक्कांनी सांगितलं, आणि मग पोट धरून इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

या अक्का म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातल्या. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी ऐकून तुम्हाला घेरी आली असती. रोज सकाळी मी किक मारायला लागलो की ओट्यावरून म्हणायच्या, "निधान जा रे." पहिल्या दिवशी मी गाडी तशीच धडधडत ठेवून उभा. निदान जा, म्हणजे? निदान चहा पिऊन जा? निदान छत्री घेऊन जा? मी विचारलं, "निदान काय, अक्का?" त्या म्हणाल्या, "निधानच की रे." असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी हवेत हात खाली-खाली दाबून दाखवला तेव्हा उजेड पडला. त्यांचा शब्द निधान. कानडीत निधान म्हणजे सावकाश. फटफटीच्या आवाजात मला त्यातला ध कुठून ऐकू येणार?

त्यानंतर मात्र जरा बरं चाललं. त्या एका शब्दाने मी माणसांत आलो म्हणा ना. चौकातल्या पोलिसाने एकदा शिट्टी मारून थांबवलं, काहीबाही ओरडला, मी चांगलाच घाबरलो. तर त्याला माझा लोंबणारा स्टँड दिसला होता. त्याने स्वतः पायाने वर ढकलला आणि म्हणाला, "निधान." मला तो क्षणभर सख्ख्यासारखा वाटला. संध्याकाळी येलहंक्याहून परतताना रस्ता मोकळा असायचा, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, अंगाला गार वारा, आणि मी मोठ्याने गात यायचो. कऱ्हाडात मी कधी मोठ्याने गायलो होतो का? आठवून बघा. त्या रस्त्यावर मला मी आवडायला लागलो होतो, अण्णा. हे तुम्हाला सांगायला हवं होतं आणि नेमकं तेच सांगता येत नव्हतं.

आणि तुम्ही आलात ते मला न्यायला. आडपडदा ठेवला नाहीत. पहिल्याच जेवणात सांगितलंत की घराजवळ नवा साखर कारखाना उभा राहतोय, ओळखीतून फिटरची जागा धरून ठेवलीय, वर्षाअखेर मी परत यायचं. परक्या मुलखात, परक्या बोलीत, त्या सैतानी यंत्रावर बसून मुलगा कुठेतरी आपटून घेणार आणि आम्हाला तारेने कळणार, हे आईला सोसायचं नाही. आईला म्हणालात, पण घास तुमचाच हातात थांबला होता. मी भात चिवडत राहिलो. नाही म्हणायची माझी छाती नव्हती आणि हो म्हटलं असतं तर त्या येलहंक्याच्या रस्त्यावरचं माझं गाणंच थांबलं असतं. मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणालात, "बघू हे उत्तर नव्हे."

दुसऱ्या सकाळी मी कामावर निघालो, अक्कांनी नेहमीसारखं "निधान जा रे" म्हटलं, आणि तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "बाई, निदान काय? वाक्य पुरं करावं." मला उशीर झाला होता. हसू दाबत निघून गेलो. संध्याकाळी समजावून सांगू म्हटलं, पण संध्याकाळी आपण दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ते राहून गेलं. तुमचे बाकीचे दिवस असेच गेले. मी दिवसभर कारखान्यात, तुम्ही दिवसभर त्या ओट्यावर, अक्का समोर शेंगा सोलत. तुम्ही दोघं काय बोलायचात मला कधी कळलं नाही. कारखान्यातून आलो की तुम्ही वर्तमानपत्रात आणि अक्का गालात हसत.

निघायच्या दिवशी ठरवलेला जटका, म्हणजे इथला टांगा, आलाच नाही. वाट बघून बघून तुम्ही घामाघूम. गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत खोळंबा. मी नुसतं फटफटीकडे बघितलं. तुम्हीही बघितलंत. मग अक्कांनीच सुतळी आणली, खाली बसून तुमच्या धोतराचे सोगे पोटऱ्यांना बांधले, आणि तुम्ही, ज्यांना आईनेही कधी काही सांगितलेलं चालत नसे, ते मुकाट पाय पुढे करून उभे राहिलात. वळकटी मी टाकीवर घेतली. तुम्ही टोपी काढून कोटात कोंबलीत, मागे बसलात आणि माझा खांदा धरलात. धरलात कसला, आवळलात.

तशी गाडी मी जन्मात पुन्हा कधी चालवली नाही. प्रत्येक खड्डा चुकवला, प्रत्येक वळणाला हात दाखवला. कब्बन पार्कच्या झाडांखाली येईपर्यंत तुमची बोटं खांद्यात रुतलेली होती. सावलीत शिरलो आणि ती सैल झाली. नुसता हात राहिला, लहानपणी जत्रेत ठेवायचात तसा. तुम्ही मागे काहीतरी पुटपुटत होतात. मला वाटलं रामरक्षा म्हणताय.

स्टेशनात गाडी उभीच होती. तुम्हाला बसवलं, सुतळी सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. साखर कारखान्याचं तुम्ही काढलं नाहीत, मीही नाही. शिट्टी झाली, गाडी हलली, मी चार पावलं बरोबर चाललो. तुम्ही खिडकीतून वाकलात, तोंडासमोर तळहात धरलात, धूर तोंडात जाऊ नये म्हणून असेल, आणि म्हणालात, "निदान..." बस. मी ओरडलो, "निदान काय?" तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, हात तसाच तोंडासमोर, आणि डबा पुढे निघून गेला.

मी परत गेलो नाही. त्या पावसाळ्यात तुमची तार आली, म्हणजे तुमच्याविषयीची. आईने मला कधी बोल लावला नाही, पण मी बंगळूरात घर केलं, लग्न केलं, पोरं वाढवली, आणि प्रत्येक चांगल्या दिवशी मनात कुठेतरी ते अर्धं वाक्य आडवं यायचं. नाराज होऊन गेले. सांगायचं होतं ते मी ऐकलंही नाही. माझं हे असंच चालायचं, मी त्याची सवय करून घेतली होती.

परवा ताईला फोन केला. तिची कंबर, माझे गुडघे, नेहमीचं. मध्येच तिचा नातू मोटारसायकल काढत असावा, आवाज आला, आणि ताई फोनमधून तोंड वळवून ओरडली, "निधान जा रे!" कऱ्हाडात, अण्णा. ताईने कधी मिरज ओलांडलेली नाही. मी म्हटलं, हा शब्द तुला कुठे मिळाला? ती म्हणाली, "कुठे म्हणजे? अण्णांचा शब्द. तुझ्याकडून आले तेच निधान निधान करत. धाकट्याने सायकल काढली की निधान, मी पाण्याला निघाले की निधान. आम्ही सगळेच म्हणतो." मग विचारलं, साखर कारखान्याच्या जागेचं काय म्हणाले होते? तर म्हणते, "ती त्यांनी आल्या आल्या दुसऱ्याला द्यायला सांगितली. आईला म्हणाले, पोरगं गाडी छान चालवतं, राहू दे तिथंच, मी त्याला निधान चालव म्हणून सांगून आलोय. तुला ठाऊक नव्हतं? तुलाच तर सांगितलं होतं."

फोन ठेवला आणि मी तळहात तोंडासमोर धरला. निदान म्हटलं. मग निधान म्हटलं. दुसऱ्या वेळेला हाताला वारा लागला.

वाक्य पुरं होतं तर. त्यात एकच शब्द होता आणि तो तुम्ही मला दोनदा शिकवलात, वर्गातल्यासारखा. छातीवरून काय उतरलं ते तुम्हाला कसं सांगू? मोकळं वाटतंय, अण्णा. फार मोकळं वाटतंय. रागही येतोय थोडा, कानडीत बोलायची हौस तुम्हाला नेमकी त्याच वेळी यायची होती का म्हणून, पण तोही हसतच येतोय.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. एक मात्र कबूल करून टाकतो. त्या दिवशी तुम्हाला सोडून स्टेशनावरून परत येताना मी डोळे पुसत होतो, आणि फटफटी अजिबात निधान चालवली नाही.