तीन भेटींची नोंद

अण्णा,

आज मी निवडणुकीच्या चौकशीत काकांच्या मुलाविरुद्ध जबाब देऊन आले. विरुद्ध म्हणजे खरं तर माझ्याच विरुद्ध, पण गावात ते तसं कोण सांगणार? घरी येऊन हातपाय धुतले, चहा टाकला, तो उतू गेला, आणि शेगडी पुसायची सोडून हे लिहायला बसले. तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होता तेव्हा तुम्ही फर्स्ट शिफ्टला असलात की मी झोपेत, सेकंडला असलात की मी शाळेत, आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राच्या मागे. तरी हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचेना. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, "तू कशाला मध्ये पडलीस?" आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही.

मला तो कंपनीतल्या युनियनच्या निवडणुकीचा रविवार आठवतो. मी नववीत होते. दोन पॅनल समोरासमोर, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, पण मतं मोजायला कुणाला बसवायचं यावर मात्र दोघांचं एकमत झालं, ते तुमच्या नावावर. एका पॅनलचा पुढारी तुमचा सख्खा धाकटा भाऊ होता, तरीही. आई सकाळपासून खुशीत होती, कारण काका निवडून आले तर हंगामी पोरं कायम होणार, आणि त्यात मामाचाही नंबर होता. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, डबा मोरीत ठेवलात आणि स्वयंपाकघरात पाटावर बसलात. तुमच्या मागोमाग काका आले. ते आत आलेच नाहीत, उंबऱ्यावर उभे राहिले. "दादा, फुली माज्याच चौकटीत व्हती ना?" तुम्ही म्हणालात, "व्हय." "मग?" "खाली सही व्हती." काकांचा आवाज चढला. "आरं, पण मत माजंच व्हतं ना!" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "व्हय, तुजंच व्हतं. पण सही केल्यालं मत बाद, हे आदी सगळ्यांम्होरं वाचून दाखवलं व्हतं. तवा तूबी मान हलवलीस." काका एका मताने पडले होते. ते मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठी टाकायची वेळ आली असती. काका उंबऱ्यावरूनच परत फिरले. आईने तवा असा आपटला की खालची चूल हलली, आणि तुम्ही मात्र मुकाट्याने जेवलात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. माणसाने इतकं काटेकोर असू नये, असं मी आईच्या मागे उभी राहून पुटपुटले. तुम्ही ऐकलंत आणि पाणी मागितलंत.

सही कुणाची होती ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. ते कळलं तुमच्या दहाव्याला. तुमच्याच मशीनशॉपमधले एक म्हातारे गृहस्थ घाटावर माझ्याजवळ आले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "पोरी, ती सही माजी व्हती. जलमभर अंगठा उठवला म्या. तुज्या बापानंच जेवणाच्या सुट्टीत सही शिकीवली. मग कागूद दिसंल तितं सही करत सुटलो बग." तुम्हीच शिकवलेली सही तुमच्याच हातात आली होती, अण्णा, आणि तुम्ही ती बघून कागद बाद मतांच्या ढिगात ठेवलात. त्या माणसाला कुणी बोल लावू नये म्हणून भावाचे शिव्याशाप स्वतःवर घेतलेत. हे कळल्यावर माझा राग पुरता गेला असं म्हणणार नाही, पण त्याला टेकायला जागा उरली नाही.

काका मात्र गेले ते गेलेच. दोन्ही घरांच्या मध्ये एक भिंत आणि एक शेवग्याचं झाड, पण त्यानंतर आपल्याकडे त्यांचं कुणी आलं नाही. मला सख्खा भाऊ नाही. त्याआधी दर भाऊबिजेला काकांचा मुलगा पाटावर बसायचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, टिळा लावताना हसायचा म्हणून सगळा कपाळभर फासला जायचा. पुढे मी चंद्राला ओवाळून ताट आत ठेवायची. काका वारले तेव्हा तुम्ही स्मशानात सगळ्यांच्या मागे उभे होता असं लोक सांगत. ही सगळी वर्षं मला तुमच्या नियमाचा अभिमान वाटला असेल, पण भाऊबिजेच्या दिवशी कधी वाटला नाही.

आता इथलं तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही सायकल घेऊन ज्या बांधावरून पिंपरीची वाट धरायचात तिथे बारा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि उरलेल्या जागेत आपल्याच लोकांनी खोल्या काढल्यात, दहा बाय दहाच्या, पत्र्याच्या. त्यात लातूर, नांदेड, परभणीकडची माणसं राहतात, सकाळी कंपनीच्या बसने चाकणला जातात. आई एकटी पडली तेव्हा मी आणि हे इथेच राहायला आलो. गावच्याच शाळेत मी शिकवते, आणि शाळेच्या बाईंच्या गळ्यात मतदारयादीचं कामही असतं. घरोघर जायचं, कोण राहतं, कोण वारलं, कोण सोडून गेलं ते लिहायचं. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, तरीही कुणी सापडलं नाही तर "स्थलांतरित" लिहायचं, मग नाव कमी होतं.

मागच्या दिवाळीत, यादीचं काम चालू असतानाच, काकांचा मुलगा आला. तो या वेळी महापालिकेला उभा राहणार होता. मी मोरीत भांडी घासत होते, आणि दारातून आवाज आला, "ताई, ओवाळणार का न्हाई?" अण्णा, मी हातही न पुसता बाहेर आले. तो चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस पाटावर मांडी घालून बसला आणि टिळा लावताना तसाच हसला. आई हयात असती तर तिने पेढे वाटले असते. चहा पिता पिता तो म्हणाला, "ताई, त्या पलीकडच्या चाळीतली मानसं तुज्या यादीत येत्यात ना?" ती चाळ त्याच्या विरोधात उभ्या राहणाऱ्याची. तिथली मतं मालक सांगेल तिकडे जाणार, असं त्याचं म्हणणं. "त्यांचं काय गं, आज हायेत, उद्या न्हाईत. खोटं लिही असं म्या म्हननार न्हाई. कुलूप असलं तर कुलूप लिही, येवडंच." त्याने खरंच एवढंच म्हटलं. मी मान हलवली आणि त्याला आणखी एक करंजी वाढली.

ज्या घरात शिफ्टच्या हिशेबाने भाकऱ्या थापल्या गेल्या त्या घरातली मी. फर्स्ट शिफ्टचा माणूस पहाटे बाहेर पडतो आणि चारनंतर घरी येतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी त्या चाळीत गेले सकाळी अकराला. बारा खोल्या, बारा कुलपं. नळावर एक बाई कपडे धूत होती, त्या आठवड्यात तिची सेकंड शिफ्ट असावी. तिने मला स्टुलावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, "संध्याकाळी या की मॅडम, सगळे घरी असतात," असं सांगितलं. तिच्याही दाराला कुलूप होतं, कारण ती बाहेर नळावर होती. मी तेही कुलूप धरलं. मी संध्याकाळी गेले नाही. दुसरी आणि तिसरी भेट मी या स्वयंपाकघरात बसून लिहिली, पेन बदलून, म्हणजे शाई वेगळी दिसावी. पेन बदलावं हेसुद्धा मला सुचलं, हे मला आता सगळ्यात जास्त लागतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात मी यादी घेऊन टेबलाशी बसले होते. दहाच्या सुमारास तीच बाई आली, नवऱ्याला घेऊन, सुट्टी काढून, ठेवणीतली साडी नेसून. "मॅडम, आमचं नाव बघा की जरा. मागल्या टायमाला इथंच टाकलं होतं मत." मी पानं उलटली. मला माहीत होतं, तरी उलटली. नाव नाही म्हटल्यावर तिचा नवरा तावातावाने बोलायला लागला. "गावाकडं गेलो तर म्हणतात तुमी तिकडचे, इथं म्हणतात तुमी गावाकडचे. मग आमी हाव तरी कुठले?" तिने त्याला गप्प केलं आणि मलाच समजावलं, "असू द्या मॅडम, तुमची काय चूक हाय त्यात. वरूनच काहीतरी झालं असंल." मग ती दोघं बाजूला भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली, बाकीचे लोक बोटाला शाई लावून बाहेर येत होते ते बघत.

काकांचा मुलगा निवडून आला, अगदी थोडक्या मतांनी. नाव गळालेल्यांची ओरड झाली, मोर्चा निघाला, फेरमोजणी झाली, चौकात दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर धावली. पोलिसांची गाडी चार दिवस शाळेपुढे उभी होती. हरलेल्याने तक्रार केली आणि मला जबाबाचं पत्र आलं. ते आल्यावर मी एका संध्याकाळी त्या चाळीत गेले, सगळ्यांचे नवीन अर्ज भरून घ्यायला. पाच वाजता प्रत्येक दार उघडं होतं. कुठे फोडणी, कुठे पोरं अभ्यासाला बसलेली. त्या बाईने चहा केला आणि शेजारणींना सांगितलं, "इतक्या लोकांत ह्या एकट्या परत आल्या बघा." मी तो चहा प्यायले, अण्णा. तिचं नाव माझ्यामुळेच गेलं हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. अर्जावर सही करताना तिने पेन घट्ट धरून, जीभ दाताखाली घेऊन एकेक अक्षर काढलं, आणि मला तिथे बसवेना.

आज चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, नोंदीत तीन भेटी आहेत. बरोबर?" मी म्हटलं, "एकच झाली. सकाळी अकराला, सगळे कामावर असताना. बाकीच्या दोन मी घरी बसून लिहिल्या." त्यांनी चष्मा काढला. "परत विचार करून सांगा. नोकरीवर येईल." कारकून लिहायचा थांबला होता. मी म्हटलं, "लिहा." "कुणाच्या सांगण्यावरून?" मी जे झालं ते तेवढंच सांगितलं, त्याने खोटं लिही म्हटलं नव्हतं हेही सांगितलं, आणि कुलूप लिही म्हटलं होतं हेही. सही केली आणि जिना उतरले.

खाली काकांचा मुलगा गाडीला टेकून उभा होता. त्याला कुणीतरी वरूनच फोन केला असणार. मला वाटलं, आता चारचौघांत तोंड सोडेल. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "बस, ऊन हाय." पिंपरीच्या बाजारात गाडी अडकली, पुढे टेम्पोवाले भांडत होते, तरी त्याने हॉर्न वाजवला नाही. घराच्या कोपऱ्यावर थांबवून, समोर बघत तो म्हणाला, "शेवटी अण्णांचीच पोरगी." त्यात शिवी होती की आणखी काही होतं, मला कळलं नाही. मी म्हटलं, "दिवाळीला येशील?" त्याने आरसा नीट केला. मी उतरले, दार नीट लागलं नाही म्हणून त्याने आतून वाकून पुन्हा लावून घेतलं, आणि गेला.

त्याची नगरसेवकी राहते की जाते ते कोर्ट ठरवेल. माझं निलंबन होईल असं सगळे म्हणतात. ते मी सोशीन. त्या बारा घरांच्या दाराशी जाऊन खरं सांगायचं अजून बाकी आहे, ते जड जाईल. पण दिवाळीत ताट पुन्हा चंद्राकडे वळवायचं, ते मला जमेलसं वाटत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी जेवलात कसे, अण्णा? की जेवत होता असं आम्हालाच दिसलं?

तुम्ही मतं मोजायला बसला होता, तरी युनियनचे सभासद होता, म्हणजे तुम्हालाही एक मत होतंच. ते कुणाला दिलंत हे काकांनी विचारलं नाही, आईने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही, आणि हे पत्रही कुठे टाकायचं नाही. म्हणून माझ्यापुरतं सांगून टाकते, अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझं मत मी त्यालाच दिलं होतं. उद्या निवडणूक पुन्हा लागली तरी त्यालाच देईन.